सतरा शिवलेली पोती आणि एकतीस परकी भांडी

गोंडपिपरी,
शुक्रवार, दि. २८ नोव्हेंबर, दुपार.

बुद्ध, धम्म आणि संघ या तिन्ही रत्नांपुढे मस्तक नमवून, आणि ज्यांच्या करुणेने बोलणाऱ्याची जीभ सौम्य होते व ऐकणाऱ्याचा राग निवतो त्या तथागतांचे स्मरण करून (या पत्राला दोहोंची सारखीच गरज आहे), मग विषयाला हात घालतो.

सन्माननीय व्याही बापूरावजी दुर्गे, मुक्काम सिरोंचा, यांस लटारी निमगडे याचा सविनय जयभीम. विहीणबाईंनाही सांगावा. आपल्या उजव्या गुडघ्याचे दुखणे थंडीमुळे वाढले नसावे अशी आशा करतो. विहीणबाईंची साखर आटोक्यात असावी आणि त्या गोड खाण्याच्या बाबतीत डॉक्टरांपेक्षा स्वतःच्या विवेकावर अधिक विसंबत नसाव्यात. मिरचीला यंदा फूल कसे आहे? गोदावरीचे पाणी उतरून वाळू उघडी पडली असेल, आणि आपण संध्याकाळी काठावर बसून तेलंगणातल्या माणसांशी त्यांच्या भाषेत भावताव करीत असाल, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की माझ्या मनाला बरे वाटते. ते मन सध्या बरे वाटण्याच्या फार गरजेत आहे.

आपण या आठवड्यात तीन वेळा फोन केलात आणि तिन्ही वेळा तो नुसता वाजत राहिला. फोन हरवलेला नाही. मी बहिरा झालेलो नाही. तो माझ्यासमोर, परक्या परातीत, थरथरत पडला होता आणि मी त्याच्याकडे पाहत होतो. कारण एवढेच, की आपला पहिला प्रश्न असणार, "निघाले का मंग, गुरुजी?" आणि या प्रश्नाचे उत्तर चार पानांपेक्षा कमी जागेत देता येणार नाही, याची मला खात्री होती. म्हणून पत्र लिहितो. सिरोंचा गाडीचे वाहक इसरू माझे जुने विद्यार्थी आहेत. ते संध्याकाळपर्यंत हे आपल्या हाती देतील.

वस्तुस्थिती आपणास ठाऊकच आहे, तरी शिक्षकाच्या सवयीने पुन्हा मांडतो. आपली सून आणि माझी कन्या रश्मी हिची रजा संपली आहे. ती दोनदा वाढवून मिळाली. तिसऱ्यांदा मिळणार नाही, असे रुग्णालयाने स्पष्ट सांगितले आहे. सोमवारी, एक तारखेला, सकाळी आठला तिला कामावर रुजू व्हायचे आहे. आपले चिरंजीव राजदीप घुग्घुसच्या खाणीत पाळीवर असतात. आठ महिन्यांची नंदिनी स्वतःला सांभाळू शकत नाही. तेव्हा मी आणि ठमाबाई यांनी गोंडपिपरीचे हे भाड्याचे घर सव्वीस वर्षांनंतर सोडून, सगळे सामान घेऊन, आज शुक्रवारी चंद्रपूरला पोहोचावे, असे आपल्या सर्वांसमक्ष ठरले होते. आज शुक्रवार आहे. मी गोंडपिपरीत आहे. या दोन वाक्यांच्या मधे जे घडले ते आता ऐकावे.

अप्रमाद, म्हणजे गाफील न राहणे, हा सर्व कुशल गुणांचा पाया आहे, असे मी विहारात चाळीस वर्षे सांगत आलो. जो पुढचे आज करतो तो सुखाने झोपतो, हेही सांगत आलो. या शिकवणुकीचा स्वतःच्या संसारावर प्रयोग करण्याची संधी मला या वयात प्रथमच मिळाली. म्हणून जायचे अठ्ठावीसला, आणि तीन तारखेलाच मी बाजारातून धानाची सतरा रिकामी पोती आणून घर भरायला घेतले. (धान कापणीच्या दिवसांत रिकामे पोते मिळवणे ही काय तपश्चर्या आहे, ते शेतकरी म्हणून आपण जाणता.) निवडणुकीच्या कामावर मी नऊ वेळा केंद्राध्यक्ष होतो. मोहोरबंद करणे म्हणजे काय, हे मला शिकवावे लागत नाही. प्रत्येक पोते दाभणाने शिवले, सुतळीच्या गाठीवर लाख ओतली, लाखेवर माझ्या अंगठीचा ठसा उमटवला आणि क्रमांक घातला. कोणत्या पोत्यात काय, याची सुवाच्य यादी केली आणि नियमाप्रमाणे ती सामानासोबतच बंद केली. कोणत्या पोत्यात, ते यादीत लिहिले आहे.

सायंकाळी मी हात धुऊन समाधानाने ओट्यावर बसलो असता ठमाबाई बाहेर आल्या. त्यांनी विचारले, "सैपाक कायच्यात करू?"

मी म्हणालो, भिक्षूजवळ आयुष्यभर आठच वस्तू असतात आणि त्यांत पात्र एकच.

त्या म्हणाल्या, "भिक्कू सैपाक करत नाई. त्याले कोनीतरी करून वाढते. ते कोनीतरी मी हावो. आता सांगा, कायच्यात करू?"

चाळीस वर्षांच्या प्रवचनांत हा मुद्दा मला कोणी विचारला नव्हता.

आमचे हे बोलणे शेजारच्या बुधरीबाईंनी भिंतीपलीकडून ऐकले (ही भिंत फक्त दृष्टीला आडवी येते) आणि पाऊण तासात गंजभर (म्हणजे पातेलेभर) भात, वर वरण, वर मिरचीचा ठेचा असे आमच्या दारात आले. आम्ही जेवलो. मी त्यांना मनापासून आशीर्वाद दिला. येथपर्यंत सर्व कुशल होते. दुसऱ्या दिवशी मी तो गंज घासून, पुसून, परत द्यायला निघालो, तर ठमाबाईंनी मला दारात अडवले. या गल्लीत कोणाचे भांडे रिकामे परत जात नाही. सव्वीस वर्षांत गेलेले नाही. मूठभर शेंगदाणे का होईना, पण भांड्यात काही असल्याशिवाय ते उंबरठा ओलांडत नाही. आणि ज्या गंजात भात-वरण-ठेचा आला, त्यात शेंगदाणे घालून पाठवणे म्हणजे न पाठवण्याहून वाईट. सांबार, म्हणजे कोथिंबीर, सध्या स्वस्त आहे, तेव्हा सांबारवड्या कराव्यात, असे ठरले. सांबारवड्या तळाव्या लागतात. तळायला कढई लागते. आमची कढई कोणत्या तरी पोत्यात होती. म्हणून ठमाबाईंनी मागच्या घरच्या धुरपताबाईंची कढई आणली.

सुज्ञ बापूरावजी, पुढचे आपण ओळखले असेल. सांबारवड्यांनी बुधरीबाईंचा गंज भरला, पण आता धुरपताबाईंची कढई रिकामी कशी द्यायची? तिच्यात वड्यांचा दुसरा घाणा, आणि वड्यांसोबत खीर. खिरीसाठी तिसऱ्या घरचे पातेले. पातेल्यासाठी चौथ्या घरची परात. शिवाय "गुरुजी आता जाऊन राह्यले" ही वार्ता पसरल्यामुळे, ज्यांच्याकडून आम्ही काही मागितले नव्हते त्यांनीही डबे भरून पाठवायला सुरुवात केली, आणि ते डबेही भांडीच होत. एकामुळे दुसरे, दुसऱ्यामुळे तिसरे, आणि शेवटच्यामुळे पुन्हा पहिले. प्रतीत्यसमुत्पादाची ही साखळी मी मुलांना फळ्यावर वर्तुळ काढून शिकवत असे आणि त्यांना ती कधी कळत नसे. आता कोणीही माझ्या स्वयंपाकघरात येऊन पाहावी. वीस तारखेला मी सभोवार नजर टाकली, तेव्हा घरात एकतीस भांडी होती आणि त्यांतले एकही आमचे नव्हते.

मी विचार केला, की साखळी एका जागी तोडली की सगळी तुटते. ठमाबाई बाजारात गेल्या असताना मी स्वतः वाटपाला निघालो. प्रश्न एकच होता, कोणते भांडे कोणाचे? पण त्याचे उत्तर भांड्यांवरच कोरलेले होते. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालण्याची उत्तम पद्धत आहे. मी जन्मभर लिखित शब्दाला प्रमाण मानले. तळलेल्या सांबारवड्यांनी भरलेली कढई उचलली, चष्मा लावून काठावरचे नाव वाचले, 'मंगरू', आणि सरळ समोरच्या मंगरूच्या घरी नेऊन दिली.

येथे तीन गोष्टी सांगणे भाग आहे. पहिली, आमचे सामान ज्या छोट्या हत्तीतून (मालाच्या टेम्पोतून) चंद्रपूरला जायचे तो छोटा हत्ती याच मंगरूचा. दुसरी, धुरपताबाईंच्या मुलीच्या, करिश्माच्या, लग्नात मंगरूला पहिल्या पंगतीला बोलवायचे राहून गेले आणि त्या दिवसापासून तीन वर्षे ही दोन घरे एकमेकांशी बोलत नव्हती. आणि तिसरी, जी माझ्या लक्षात यायला हवी होती: भांड्यावर नाव मालकाचे नसते, ज्याने लग्नात भेट दिली त्याचे असते.

मंगरूने कढई हातात घेतली, नाव वाचले आणि त्याचा चेहरा उतरला. "गुरुजी, हे तं मीनं करिश्माच्या लग्नात देल्ली व्हती. तिच्या मायनं वापस धाडली का? तीन साल बोलली नाई, अन् आता भेट वापस! अन् तुमच्या हातानं?"

मी म्हणालो, यात वड्याही आहेत.

"वड्या टाकून धाडली म्हनजे गोड वाटन का मले?" तो म्हणाला. "सांगा तिले, मंगरूनं देल्ली वस्तू मंगरू वापस नाई घेत."

मी धुरपताबाईंकडे धावलो. त्या जवस भाजत होत्या. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला, तो जवसाचा होता. "भाऊजी, तुमी एवढे शिकलेले! तुमाले देल्ली कढई तुमी त्याले काऊन नेऊन देल्ली? आता तो म्हनन, धुरपतानं तोंडावर फेकली. मी तं रोज त्याच कढईत भाजी करतो. मनात असतं तं करतो का?"

मला हे मंगरूला जाऊन सांगण्याचा धीर होईना. दोन घरांची राखेखालची आग मी फुंकर मारून चेतवली होती. आणि तीत आपला छोटा हत्ती, पर्यायाने रश्मीची नोकरी, जळणार असे दिसत होते. मी विहारात जाऊन बसलो आणि सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्रीभावना केली. मंगरू आणि धुरपताबाई यांच्यापाशी आल्यावर ती दोनदा केली.

तास-दीड तासाने परत आलो, तर धुरपताबाईंच्या अंगणात मंगरू खाटेवर बसला होता. तो कढई त्यांच्या पायापाशी आपटून जायला आला होता. तीन वर्षांत प्रथमच त्यांच्या दारात आला होता. पण आदळण्यापूर्वी ती रिकामी करावी लागली, आणि रिकामी करण्यासाठी त्याच्या घरच्यांनी वड्या खाल्ल्या. मग तो बोलायला लागला, त्या बोलायला लागल्या, आणि पंगतीचा विषय निघाला. "तुले बोलवाले पोट्टा धाडला व्हता, तू गाडी धुऊन राह्यला व्हता," त्या म्हणाल्या. "मले नाई आला कोनी," हा म्हणाला. असे पुष्कळ वेळ चालले. शेवटी त्यांनी सवयीने चहा ठेवला. चहा पिताना मंगरू म्हणाला, वड्यांत मीठ कमी होते. धुरपताबाई म्हणाल्या, "मीनं नाई केल्या, गुरुजीच्या घरच्या हायेत." आणि तेथे, बापूरावजी, तीन वर्षांचे वैर संपले. कारण दोघांनाही पटेल असा एक दोषी सापडला होता आणि तो फाटकातून आत येत होता.

मला त्यांनी खूप बोल लावले. मी ते आनंदाने घेतले. संध्याकाळी मंगरूच्या घरून, समेट झाला म्हणून, पितळी परात भरून अनारसे आले. कढई गेली, परात आली; पुन्हा एकतीस.

आता माझी नैतिक अडचण पाहावी. लोकांची भांडी घरात ठेवून निघून जावे, तर न दिलेले घेऊ नये या दुसऱ्या शीलाचा भंग होतो. रिकामी परत करावीत, तर ज्या गल्लीने सव्वीस वर्षे आम्हाला सांभाळले तिचा अपमान होतो. भरून परत करावीत, तर एकतीस भांड्यांपुरते रांधायला मोठी भांडी हवीत, आणि ती उसनी आणली की बत्तीस होतात. यादी शोधायला मी एक पोते उसवले. त्यात माझ्या जुन्या मासिकांचे अंक आणि खराटा निघाला. दुसरे उसवले. त्यात ठमाबाईंच्या गोधड्या निघाल्या आणि त्या पुन्हा आत बसेनात. म्हणून आज सकाळी आठला मंगरू गाडी घेऊन दारात आला, तेव्हा मी त्याला हात जोडून परत पाठवले. तो म्हणाला, "मी कवाही येतो गुरुजी, फक्त हाक द्या." अशी माणसे सोडून जायचे आहे.

रश्मी सोमवारी रुजू होणार की नाही, ही आपली चिंता मी जाणतो. ती होणार. त्याबद्दल आपण पूर्ण निश्चिंत असावे. कारण पुढे येईल. तूर्त पत्र लांबले; इसरूची गाडी यायची वेळ झाली. कळावे, लोभ आहेच, तो असावा.

आपला,
लटारी निमगडे

ता. क. : कारण पुढे येईल म्हटले आणि सही केली. ते असे, की ठमाबाई येथे नाहीत. मंगरूची गाडी परत गेली तेव्हा त्या ओट्यावर उभ्या होत्या. आत गेल्या, कापडी पिशवीत दोन लुगडी आणि रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या आणि दहाच्या चंद्रपूर गाडीला जायला निघाल्या. मी म्हणालो, अहो, पोती? त्या म्हणाल्या, "लेकराले पोते नाई लागत, मांडी लागते. ते माह्याजवळ हाय." आणि गेल्या. मघाशी रश्मीचा फोन आला (तो मी उचलला). नंदिनी आजीच्या मांडीवर झोपली आहे. तेव्हा वर चार पानांत मी ज्या संकटाचे वर्णन केले, ते एका पिशवीने, एका तिकिटात सुटले. हे आपणास राजदीपकडून कळण्याआधी माझ्या हस्ताक्षरात कळावे, अशी इच्छा होती. पण हे आधीच लिहिले असते, तर पुढचे आपण वाचले नसते.

ता. क. दुसरे : मूळ विनंती राहिली. राजदीपच्या लग्नात तांदळाची खीर आपण स्वतः ढवळली होती, हे मला आठवते. मला रांधता येत नाही. मी एकटा आहे हे कळल्यापासून दुपारपर्यंत आणखी दोन डबे आले आहेत. तेव्हा आपण उद्या इसरूच्याच परतीच्या गाडीने, दोन दिवसांकरिता, येथे यावे. कृपा करून कोणतेही भांडे बरोबर आणू नये. विहीणबाईंनी लोणचे देण्याचा आग्रह धरलाच, तर पळसाच्या पानात बांधून आणावे.

ता. क. शेवटचे : इसरूची गाडी उशिरा आहे, आणि मी पाकीट चिकटवले नव्हते, म्हणून खरे लिहितो. धुरपताबाई आत्ता येऊन गेल्या. म्हणाल्या, "भाऊजी, भांडे आमचे आमी उचलून नेतो, रिकामे तं रिकामे. तुमी जा ना लेकराकडं." तेव्हा भांड्यांची अडचण नाही. ती बहुधा केव्हाच नव्हती. पोती मी इतक्या लवकर शिवली, ती अप्रमादाने नव्हे. मोकळी राहिली असती, तर माझेच मन फिरले असते, म्हणून. मुलाचे घर आणि मुलीचे घर असा भेद धम्मात नाही, हे मी विहारात कितीदा सांगितले, राजदीपच्या लग्नात तर ध्वनिक्षेपकावर सांगितले. पण परवा मंगरूने सहज विचारले, "सामान कुठी उतरवाचं, गुरुजी?" आणि माझ्या तोंडून 'माझ्या घरी' निघेना, 'जावयाच्या घरी'ही निघेना. बाप मुलीच्या दारात सतरा पोती घेऊन उभा राहतो, हे माझ्या वडिलांनी पाहिले असते तर त्यांनी मान खाली घातली असती. आणि माझ्या अभ्यासाला त्यांची मान अजून उचलता आलेली नाही. राजदीप हात जोडून "बाबा, या" म्हणतात. त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण त्या घरात पहिला मान आपला आहे. आपण आजवर हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. आणि फोनवर त्यांतले कोणते ऐकावे लागेल, या भयाने मी तो उचलला नाही. चाळीस वर्षे निर्भयतेवर बोललेल्या माणसाने हे लिहावे लागणे मला कठीण जात आहे, पण लिहितो. तेव्हा खिरीसाठी येऊ नये. माझ्यासाठी यावे. मंगरूच्या गाडीत पुढे दोघांची जागा आहे. चंद्रपूरला पोहोचल्यावर आपण आधी उतरा, आपल्या मुलाच्या घरात आधी आपण पाऊल टाका, आणि मागे वळून मला एकदा "या" म्हणा. मग मी पोती आत आणीन. गुडघ्यामुळे येणे जमणार नसेल, तर तेवढाच एक शब्द आपल्या हाताने लिहून इसरूजवळ द्यावा. तो मी खिशात ठेवून जाईन.

हे पत्र आपण विहीणबाईंना मोठ्याने वाचून दाखवाल, म्हणून त्यांचे. पाकीट उघडे दिसले म्हणून इसरूने आलापल्लीच्या थांब्यावर वाचले असेल, तर त्याचे. आणि ज्यांच्या हाती हे पुढे कधी पडेल, त्या सगळ्यांचे कल्याण होवो. त्यांना आयुष्य, आरोग्य आणि चांगले शेजारी लाभोत, आणि ज्या दारात ते संकोचाने उभे राहतील ते दार आतून उघडो.